उस्तादांना काढलं ते वर्ष

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला त्या हिवाळ्यात आमच्या उज्जैनच्या फुटबॉल क्लबचे सहा खेळाडू एका महिन्यात भोपाळला गेले. कुणी रुसलं नव्हतं, कुणी त्यांना फोडलंही नव्हतं. सहाही जण सरकारी दफ्तरांत कारकून होते आणि सगळ्यांना भोपाळचे हुकूम आले होते. संस्थान होतं तेव्हा आम्ही ग्वाल्हेरकडे तोंड करून बसायचो. मध्यभारत झाल्यावर कधी ग्वाल्हेरकडे, कधी इंदूरकडे. आता भोपाळकडे. आठ-नऊ वर्षांत आमच्या दफ्तराच्या दारावरची पाटी तीनदा रंगवली गेली, आणि तिसऱ्यांदा रंगवणाऱ्याने खालचा जुना रंग खरवडायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

माणूस निघाला की स्टेशनवर जायचं, हार घालायचा, फलाटावरचा चहा प्यायचा, गाडी हलली की हात हलवायचा. आधी गोलकीपर गेला, मग लेफ्ट आउट, मग दोन्ही बॅक. सहाव्याला पोचवायला मी गेलोच नाही. घरी सांगितलं, अंग मोडून आलंय. ते खोटंही नव्हतं.

मी क्लबचा सेक्रेटरी होतो. आमचं घराणं दरबारच्या कारकुनीसाठी केव्हातरी दक्षिणेतून आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, पण अशी की पुण्याची मावशी आली की हसायची, कारण आम्ही ‘भाजीत मीठ जास्ती होऊन गेलं’ असं बोलायचो. कारकुनी माझ्यापर्यंत आली, फुटबॉल मात्र मी स्वतः आणला. सात वर्षं मी क्लबचा लेफ्ट हाफ होतो. मग गुडघा गेला, आणि गुडघा गेलेल्याला सेक्रेटरी करतात. पत्रं लिहायची, सामने ठरवायचे, चुन्याच्या रेघा मारून घ्यायच्या, ब्लॅडरला पंक्चर झालं तर सायकलवाल्याकडे न्यायचं.

आमचे मॅनेजर म्हणजे सुभेदारसाहेब. संस्थानच्या फौजेतून निवृत्त झालेले, मराठी माणूस, अंगाने किरकोळ पण आवाज असा की आमच्या कोठीच्या मैदानावर ओरडले तर रस्त्यावरचा टांगेवाला लगाम ओढायचा. स्वातंत्र्याच्या आधीपासून टीम त्यांच्याच हातात होती. त्यांची रीत एकच होती: चेंडू लांब मारा आणि त्याच्यामागे जीव खाऊन धावा. जो धावला नाही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. आम्ही त्या रीतीने जिंकायचो, आणि जिंकत होतो तोवर शिव्यांचंही कौतुक होतं. सुभेदारसाहेबांचा मुलगाही सरकारी नोकरीत. त्याच हिवाळ्यात त्याचाही भोपाळला तबादला झाला, आणि म्हातारा माणूस एकटा कसा राहणार, म्हणून तेही गेले. म्हणजे सहा खेळाडू आणि सातवे मॅनेजर.

नवा मॅनेजर कोण, हा प्रश्न आला तेव्हा नाव मी सुचवलं. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्यापासून आहे, म्हणून हे आधी सांगून टाकतो.

आमच्या टीमचे जुने सेंटर हाफ भैरवगढचे छीपा होते. कापडावर ठसे मारून छापायचा त्यांचा पिढीजात धंदा. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. बोटं नखांपर्यंत काळपट लाल, ती कधी निघालीच नाहीत. सात वर्षं मी त्यांच्या शेजारी खेळलो. माझ्या पायात आलेला चेंडू बहुतेक त्यांनीच दिलेला असायचा, आणि तो अशा बेताने यायचा की मला फक्त पाय लावायचं काम. खेळ त्यांच्याइतका आमच्यात कुणालाच कळत नव्हता, सुभेदारसाहेबांनाही नाही. हे मी तेव्हा कुणाला म्हटलं नव्हतं.

सायकल काढून मी भैरवगढला गेलो. उस्ताद कारखान्यात ठसे मारत होते. ठसा रंगात टेकवायचा, कापडावर नेमका ठेवायचा, मुठीने एक ठोका, की पुढे. हात न थांबवता त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“मुझसे चिल्लाया नहीं जाता, भाईसाब,” ते म्हणाले.

“चिल्लाने की ज़रूरत क्या है?”

“सूबेदार साब ने सबको उसी की आदत डाली है.”

“आदत बदल जाएगी, उस्ताद.”

किती सहज बोलून गेलो मी! तिसऱ्या दिवशी ते हो म्हणाले. सकाळचं काम भावावर सोपवून रोज पाच मैलांची रपेट करत मैदानावर यायला लागले.

मुलं मिळाली ती दोन शाळांची आणि गिरणीत नव्याने लागलेली. जुने पाचजण उरले होते. त्यातच त्या साली बूट घालूनच खेळायचं असा नियम आला. आमची निम्मी मुलं जन्मभर अनवाणी खेळलेली. बुटांनी टाचा सोलल्या, चेंडू पायाला लागतोय की नाही हेच त्यांना समजेना. उस्तादांनी पहिला महिना त्यांना लांब मारूच दिलं नाही. चार दगड ठेवून एक चौकोन आखायचे आणि आत सहा मुलं घालायचे. चेंडू जमिनीवरून द्यायचा, दोन स्पर्शांच्या वर कुणी ठेवायचा नाही. चुकलं की ते ओरडत नसत. चालत त्या मुलापर्यंत जात, खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत. शेजारच्यालाही ऐकू जात नसे.

जुने पाचजण कडेला उभे राहून बघायचे. “ये मैनेजर है कि हकीम?” एकजण म्हणाला आणि बाकीचे हसले. उस्तादांनी ऐकलं असणारच. ते दगड सरळ करत राहिले.

आम्ही देवासकडून एका गोलने हरलो. पुढच्या सामन्यात रतलामकडून तीनने. मग शाजापूरशी बरोबरी झाली, आणि त्या बरोबरीवर मी घरी गोड करायला सांगितलं. बायको म्हणाली, “जिंकलात का?” म्हटलं, “हरलो नाही.” तिने शिरा केला, पण माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं. त्यानंतर पुन्हा दोन पराभव.

इंदूरच्या एका गिरणीची टीम आमच्याकडे आली तो रविवार होता. मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. मी पाहुण्यांच्या चहाच्या मागे होतो, कपबशा कमी पडल्या होत्या, म्हणून सुरुवात बघितलीच नाही. आलो तेव्हा एक गोल झाला होता. मग दुसरा, तिसरा. आमची मुलं बुटांसकट अशी पळत होती की चिखलातून चालल्यासारखी वाटावीत, आणि मैदान तर कोरडं ठणठणीत. चौथ्या गोलला मागून कुणीतरी ओरडलं, “सूबेदार को बुलाओ!” क्षणभर हशा झाला. मग मैदानाची ती सबंध बाजू तेच म्हणायला लागली, टाळ्यांच्या ठेक्यावर. उस्ताद रेघेजवळ पाठीमागे हात बांधून उभे होते. मान वळली नाही. फक्त पाठीमागची ती लाल बोटं एकमेकांत घट्ट गुंतलेली मला दिसली.

सात गोल झाले. संपल्यावर आमचा राइट बॅक, सोळा-सतरा वर्षांचा, बूट काढून हुंदके देत बसला होता. उस्ताद त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि त्याच्या टाचेवरचा फोड बघू लागले. मी जवळ गेलो.

“पहले बीस मिनट देखे आपने?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“नहीं उस्ताद, मैं चाय में लगा था.”

“बीस मिनट खेले बच्चे. जैसा मैं चाहता था, वैसा. फिर दम टूट गया.” मग म्हणाले, “छह महीने लगेंगे.”

मी मान हलवली. सहा महिने माझ्याजवळ होते कुठे?

दुसऱ्याच दिवशी दुपारी कमिटी बसली, फ्रीगंजमध्ये घड्याळाच्या टॉवरजवळ, अध्यक्षांच्या कापडाच्या दुकानात. अध्यक्ष म्हणजे सेठजी. मनाने भला माणूस, पण गिऱ्हाईक आलं की सभा थांबायची. कमिटीत माझ्याबरोबर शाळेत असलेला एक वकील होता, आणि आणखी दोघे सभासद, जे सेठजींच्या तोंडाकडे बघून बोलायचे.

“सेक्रेटरी साहब, कल मेरी दुकान में तीन आदमी आए और तीनों ने एक ही बात पूछी,” सेठजी म्हणाले. “आपका मैनेजर बोलता क्यों नहीं?”

“बोलतो. मुलांशी बोलतो,” मी म्हणालो.

वकील माझ्याकडे वळला. “माणूस वाईट आहे असं कोण म्हणतंय? मीही त्याच्याबरोबर खेळलोय. पण टीमला धाक लागतो. काल सहावा सामना झाला, जिंकला एकही नाही. अजून किती?”

“सहा खेळाडू सरकारने नेले. त्यात उस्तादांचा काय दोष?”

“दोष कुणाचा ते मी विचारत नाहीये. सरकारला तर आपण काढू शकत नाही ना!”

यावर सगळे हसले. मीही हसलो. वकिलाचं खरंच होतं. त्या वर्षात जे जे आमच्या हातून निसटत होतं, त्यातल्या एकावरही आमचा इलाज चालत नव्हता. बदलता येईल अशी एकच गोष्ट समोर होती, आणि ती पाच मैलांवरून सायकलने येत होती.

मग सेठजींनीच काढलं, की सुभेदारसाहेबांना परत बोलवावं. राहायची सोय ते करतील. मला पुढच्या आठवड्यात दफ्तराच्या कामाने भोपाळला फायली घेऊन जायचंच होतं. तेव्हा भेटून विचारून यावं, असं ठरलं. उस्तादांना इतक्यात काही सांगायचं नाही, हेही ठरलं. मी त्याला हो म्हणालो.

भोपाळला फायली पोचवायलाच दोन दिवस गेले. ज्या खोलीत द्यायच्या ती खोली तिसऱ्या इमारतीत हलली होती, आणि तिथला माणूस ग्वाल्हेरचा, अजून आलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुभेदारसाहेबांचं घर शोधत निघालो. नव्या क्वार्टरांची ओळ, सगळी एकसारखी, भिंतींना ओल्या चुन्याचा वास, झाड एक नाही. सुभेदारसाहेब दारातच वेताच्या खुर्चीवर बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. मी फाटक उघडून अगदी समोर गेलो तरी ते काही बोलले नाहीत.

“सुभेदारसाहेब, नमस्कार करतो.”

“अरे!” त्यांचा चेहरा एकदम उजळला. “लेफ्ट हाफ! ये, ये. सूनबाई, उज्जैनचा माणूस आलाय!”

त्यांनी हात पुढे केला, पण मी होतो त्याच्या जरा डावीकडे. मी सरकून तो हात धरला.

तासभर त्यांनी मला सोडलं नाही. कुठला सामना, किती गोल, कुणी मारले. “हरलो” म्हणत होते ते, “हरलात” नाही. सात गोल ऐकल्यावर त्यांनी मांडीवर मूठ आपटली. “त्या छीपाला कुणी केला मॅनेजर? मी खेळवला म्हणून तो खेळला. त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, तो टीम काय चालवणार?”

मी केलं, असं म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

चहा घेऊन सून आली. कप त्यांच्या हातात नुसता दिला नाही, त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती बसवली आणि मगच सोडला. मी आत पाणी प्यायच्या निमित्ताने गेलो तेव्हा तिने हळू आवाजात सांगितलं. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकाचं ऑपरेशन झालं, पण तो डोळा काही परत आला नाही. दुसऱ्याने उजेड-अंधार कळतो, तेवढंच. उज्जैनला कुणाला कळवायचं नाही म्हणून आम्हाला शपथ घातलीय. तुम्हीही बोलू नका.”

“किती दिवस झाले?”

“तिथे असतानाच कमी झालं होतं. शेवटचं वर्षभर मैदानावर आवाजावरून चालवत होते.”

मी पाणी प्यायचं विसरलो. शेवटच्या वर्षी आमचा राइट आउट पलीकडे अगदी मोकळा उभा असायचा आणि सुभेदारसाहेब दुसऱ्यालाच शिव्या द्यायचे, ते आठवलं. आम्ही म्हणायचो, म्हातारा हट्टी झालाय.

बाहेर आलो. ते वाट बघत होते.

“काय रे,” त्यांनी विचारलं, “मला न्यायला आलास ना तू?”

समोरच्या रस्त्याने बैलगाडीतून विटा चालल्या होत्या. त्यांची मान त्या आवाजाबरोबर हळूहळू फिरली.

“नाही, सुभेदारसाहेब. दफ्तराचं काम होतं. म्हटलं, भेटून जावं.”

“अस्सं,” ते म्हणाले. मग मी निघेपर्यंत त्यांनी फुटबॉलचं नावही काढलं नाही. घरच्यांची चौकशी केली, उज्जैनला थंडी किती पडलीय ते विचारलं.

परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती. शुजालपूरपर्यंत मी दारापाशी माझ्या वळकटीवर बसून आलो, आणि कमिटीला काय सांगायचं ते जुळवत राहिलो. खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या फ्रीगंजला कळेल. चौकात पानवाला म्हणेल, अंधा मैनेजर था क्या? उज्जैनमध्ये त्या माणसाचं जे काय उरलं होतं, तेही जाईल. म्हणून मी सांगितलं, “तब्येत बरी नसते त्यांची. आता जमणार नाही म्हणाले.”

यामुळे उस्ताद वाचले. पण मी त्यांच्यासाठी खोटं बोललो नव्हतो. ते आपोआप वाचले.

तीन आठवडे गेले. आम्ही आणखी दोनदा हरलो, मात्र एकेका गोलनेच, आणि दुसऱ्या सामन्यात मी सुरुवातीपासून बघत होतो. मुलं बुटांत जरा मोकळी धावायला लागली होती. मधूनच चार-पाच पास असे जुळून यायचे की माझ्या गेलेल्या गुडघ्यात काहीतरी हलायचं. प्रेक्षक निम्मे उरले होते. त्यांना त्यात काही दिसलं नसावं.

एका सकाळी मी दाढी करत होतो. वकील दारातून थेट आत आला आणि त्याच्या नावाने आलेलं एक पोस्टकार्ड आरशापुढे ठेवलं. अक्षर बाईचं, मजकूर सुभेदारसाहेबांचा. क्लबची दशा ऐकून वाईट वाटतं. आपला सेक्रेटरी येऊन गेला, पण एका शब्दाने मला बोलावलं नाही. इतकी वर्षं दिली, त्याची एवढीच किंमत झाली, हे कळलं.

“तू तर सांगितलंस, ते ‘जमणार नाही’ म्हणाले,” वकील म्हणाला.

“हो.”

“तू विचारलंच नाहीस?”

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी त्याला सगळं सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसला.

“मला तरी सांगायचंस,” तो म्हणाला.

“तुला सांगितलं असतं तर तुला लपवावं लागलं असतं.”

“ते आता लागणारच आहे.” त्याने पोस्टकार्ड खिशात घातलं. “पण एक ऐक. सेठजींनी इंदूरहून एक ड्रिलमास्टर बघितलाय. उद्या ठराव येतोय. मी बाजूने हात वर करणार आहे. तुझं तू बघ. माझ्यात आता रोज चौकात उभं राहून या टीमची वकिली करायचा दम नाही. कोर्टात करतो तेवढी पुरे.”

त्याच दुपारी दफ्तरात माझाही हुकूम आला. भोपाळ. महिनाभरात हजर व्हायचं. वडील अंथरुणाला खिळलेले, मुलीची परीक्षा तोंडावर, त्या नव्या क्वार्टरांत जागा मिळेल की नाही ते कुणी सांगू शकत नव्हतं. घरी आल्यावर बायकोने कागद वाचला आणि घडी करून देवापाशी ठेवला. “बरं,” एवढंच म्हणाली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सेठजींच्या दुकानात गादीवर बसलो तेव्हा उस्तादांच्या बाजूने काय काय बोलायचं ते माझ्यापाशी तयार होतं. मुलं लहान आहेत, बुटांचा नियम नवा, शेवटचे दोन सामने एकाच गोलाने गेले, सहा महिने तरी द्या. सगळं मुद्देसूद. सेठजींनी ठराव वाचला. मध्येच एक बाई लुगड्याचं कापड बघायला आली, म्हणून थांबले. ती घासाघीस करत होती आणि मी समोरच्या कापडाच्या थानांकडे बघत बसलो होतो. मला एवढंच वाटत होतं की हे संपावं आणि घरी जाऊन पडावं. बाई काही न घेता गेली.

“हाँ, तो सेक्रेटरी साहब, आपका क्या कहना है?”

“काही नाही,” मी म्हणालो.

हात वर झाले. वकिलाचा, त्या दोघांचा, आणि माझा. माझ्या हाताशिवायही ठराव पास होत होता. म्हणजे मी तो खाली ठेवला असता तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. हे मला नंतर कळलं असं नाही, तेव्हाही कळत होतं. मी फार दमलो होतो, एवढंच कारण माझ्यापाशी आहे, आणि ते कारण पुरेसं नाही हेही मला माहीत आहे.

सांगायला मलाच जावं लागलं. मी सायकल ढकलतच भैरवगढला पोचलो. उस्ताद मागे नदीकाठी होते, धुतलेली कापडं वाळूवर पसरत होते. माझ्याकडे बघितलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघांनी मिळून ते लांबलचक कापड ताणलं, वाळूवर अंथरलं, कडेला खडे ठेवले. मगच ते म्हणाले, “हो गया फ़ैसला?”

“हो गया.”

“सबने?”

“सबने.”

“आपने भी हाथ उठाया?”

“उठाया, उस्ताद.”

त्यांनी दुसरं कापड पिळायला घेतलं. “ठीक किया,” ते म्हणाले. “अकेले पड़ जाते.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिथे उभं राहणं सोपं गेलं असतं. “बस एक बात है, भाईसाब. वो राइट बैक का बूट छोटा पड़ता है. नए साहब से कह देना. बोलेगा नहीं वो लड़का, शरमाता है.”

मी तसं ड्रिलमास्तरांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्यांचा आवाज मोठा होता, शिट्टीही मोठी होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मुलांना पुन्हा लांब मारायला लावलं. पहिला सामना ते जिंकले आणि टॉवरवर पेढे वाटले गेले. पुढचे हरले. मी गेलो तोवर हरतच होते, आणि त्यानंतर दोन हंगामांत इंदूरच्या गिरणीच्या टीमने चांगली मुलं ओढून घेतल्यावर क्लबचं नाव कागदावरच उरलं. उस्ताद सकाळी भैरवगढच्या वाळूत मुलांना खेळवतात, असं वकिलाने एकदा पत्रात लिहिलं होतं. छीप्यांची मुलं, अनवाणी. त्यांची टीम वगैरे काही झाली नाही.

भोपाळला आमचं क्वार्टर सुभेदारसाहेबांपासून पंधरा मिनिटांवर मिळालं. पहिले काही महिने मी त्या गल्लीतून जायचं टाळत होतो. मग एका रविवारी गेलो. ते खुर्चीवरच होते, पाऊल वाजल्यावर म्हणाले, “कोण?” मी नाव सांगितलं. त्यांनी बस म्हटलं नाही, पण जाही म्हटलं नाही. मी पायरीवर बसलो. वर्तमानपत्र माझ्या हातात होतं, त्यातली कलकत्त्याच्या सामन्याची बातमी मी न विचारता वाचायला लागलो. पुढच्या रविवारीही वाचली. असं दोन-तीन महिने चाललं. वाचून झालं की ते, “हं,” म्हणत आणि मी उठे.

एका रविवारी बातमी संपल्यावर त्यांनी विचारलं, “त्या दिवशी मला न्यायलाच आला होतास ना?”

“हो.”

“मग विचारलं का नाहीस?”

मी वर्तमानपत्राची घडी केली. आत सून भांडी लावत होती, तिचा आवाज थांबला.

“तुम्हाला दिसत नव्हतं, सुभेदारसाहेब.”

त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवलं. रागावले असावेत असं मला वाटलं, आणि मी उठायची तयारी केली.

“दिसत नव्हतं हे खरंय,” ते म्हणाले. “मी काय आलो असतो? आंधळा माणूस मैदानावर उभा राहून काय करणार? मी नाहीच म्हणणार होतो.” त्यांनी हात चाचपत पुढे केला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. “पण ते मला म्हणू द्यायचं होतंस रे.”

सून चहा घेऊन आली, तिने आधी त्यांच्या हातात कप बसवला, मग मला दिला. त्यांनी विचारलं, आतलं पान वाचायचं राहिलंय का? राहिलं होतं. मी ते उघडून वाचायला लागलो.